तुलांबेनची 'लिबर्टी': काठावरून चालत जाऊन बघायचं बुडालेलं जहाज

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याला तुलांबेन हे छोटं गाव आहे. गावासमोरच्या समुद्रात, काठापासून जेमतेम तीस मीटरवर, १२५ मीटर लांबीचं एक मालवाहू जहाज उजव्या कुशीवर कलंडून पडलंय. त्याची वरची कड पाण्याखाली ५ मीटरवर आहे आणि वाळूत रुतलेली खालची बाजू ३० मीटरच्या आसपास. इथे बोटीची गरज पडत नाही. शिडी नाही, लाटांवर हेलकावत वाट बघणं नाही, बोट लागून होणारी मळमळही नाही. पाठीला हवेचा टँक बांधायचा, पाण्यात चालत शिरायचं आणि उताराच्या कडेकडेने खाली जायचं.

हे परीक्षण त्या जहाजाचं आहे आणि ते दाखवणाऱ्या गावातल्या सेवेचंही: गाइड, भाड्याचं सामान, टँक वाहून नेणारी माणसं. निकाल आधीच सांगतो. 'ओपन वॉटर' हे स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र हातात आहे, दहा-पंधरा डाइव्ह झाल्या आहेत आणि आता खरंखुरं जहाज बघायचंय, अशा माणसाने पहिल्यांदा इथेच यावं. अट एकच, गावात मुक्काम करायचा. दक्षिण बालीतल्या कुटा किंवा सेमिन्याकहून एका दिवसात जाऊन-येऊन केलेली लिबर्टी आणि गावात राहून सकाळी सहाला केलेली लिबर्टी, यांत इतका फरक आहे की पहिलीसाठी पैसे भरू नका असंच आमचं म्हणणं आहे.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी शिप' या एकाच नमुन्याची हजारो जहाजं बांधली. हे त्यातलं नाही, जरी कित्येक गाइड तसं सांगतात. हे १९१८ साली न्यू जर्सीतल्या कर्नी इथे बांधलेलं, त्याहून जुनं जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी, रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे जाताना, लोंबोकजवळ आय-१६६ या जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. 'पॉल जोन्स' ही अमेरिकन आणि 'व्हॅन गेंट' ही डच विनाशिका त्याला सिंगाराजा बंदराकडे ओढून न्यायला लागल्या, पण आत पाणी भरत गेलं. निदान माल तरी वाचावा म्हणून जहाज तुलांबेनच्या काठावर चढवलं. तिथे ते एकवीस वर्षं उघड्यावर पडून होतं आणि काढण्यासारखं जे होतं ते लोकांनी काढून नेलं. १९६३ साली आगुंगचा उद्रेक झाला, त्या हादऱ्यांनी ते काठावरून घसरलं आणि आज आहे तिथे जाऊन पडलं.

डाइव्हच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा: माल आधीच गेलेला आहे, त्यामुळे तांबड्या समुद्रातल्या 'थिसलगॉर्म' या बुडालेल्या जहाजासारखे ट्रक आणि मोटरसायकली इथे शोधू नका. काठावरची वर्षं आणि घसरण यांनी सांगाडा जागोजाग फाटला आहे. म्हणूनच तो नवख्यांना चालतो. बहुतेक ठिकाणी आत शिरल्यावरही वर किंवा बाजूला निळा उजेड दिसत राहतो. आणि साठ वर्षांत त्या पत्र्यावर जे प्रवाळ, जे स्पंज, जे पंख्यासारखे सी-फॅन वाढलेत, त्यांच्यामुळे हे जहाज आता लोखंडाचं कमी आणि जिवंत खडकाचं जास्त झालं आहे.

मुक्कामाचा आग्रह कशासाठी, तर वेळेसाठी. दक्षिण बालीहून गाडीने यायला अडीच ते तीन तास लागतात. म्हणजे दिवसाच्या सहलीवाले साडेनऊ-दहाला पाण्यात पडतात आणि तीनपर्यंत असतात. त्या वेळात जहाजावर एकाच वेळी पाच-सात गट फिरत असतात, पायातल्या वल्ह्यांसारख्या फिन्सनी उडवलेला काळा गाळ पाण्यात तरंगतो आणि वीस मीटर दिसणारं पाणी दहावर येतं. सहाला पाण्यात उतरलात तर जहाज जवळपास तुमचं असतं. त्या वेळी बंपहेड पॅरटफिशचा थवा अजून जहाजाच्या आडोशाला असतो. हे मासे सव्वा मीटरपर्यंत वाढतात, कपाळावर टेंगूळ, पुढे चोचीसारखे दात, आणि जिवंत प्रवाळ कडाकडा फोडून खातात. तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. ऊन वर आलं की ते निघून जातात. शिवाय किनारा पूर्वेकडे उघडा असल्याने सकाळचं ऊन थेट जहाजाच्या समुद्राकडच्या बाजूवर, म्हणजे डेकच्या बाजूवर पडतं. फोटो काढणाऱ्यांनी हा तास चुकवूच नये. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते आणि काळी वाळू उरलासुरला उजेड पिऊन टाकते.

आता पाण्यात शिरण्याबद्दल, कारण इथे होणाऱ्या दुखापती जहाजावर कमी आणि काठावर जास्त होतात. किनारा वाळूचा नाही. मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या काळ्या, गुळगुळीत, गोल दगडांचा आहे, आणि लाट मागे ओढली की ते पायाखाली गडगडतात. दुपारी ते तापतात. त्यामुळे जाड, टणक तळाचे बूट आणि त्यांवर चढणारे, मागे पट्टा असलेले फिन्स हवेत. अनवाणी पायात घालायचे बंद टाचेचे फिन्स घेऊन गेलात तर इथे त्यांचा उपयोग नाही. बूट भाड्याने मिळतात, पण मोठ्या मापाचे लवकर संपतात, तेवढे घरून न्या.

पद्धत अशी. काठावरच सगळं चढवून घ्या, बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जाकिटात, अर्धी हवा भरा, मास्क डोळ्यांवर, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात. लाटा गटागटाने येतात. तीन-चार मोठ्या गेल्या की थोडी उसंत मिळते, तेव्हा निघा. पाय उचलून टाकू नका, दगडांवरून सरकवत, थोडं आडवं होऊन चाला. पाणी कमरेला आलं की बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, खांद्याचा आधार घेऊन फिन्स चढवा आणि लगेच लाटेच्या पट्ट्याबाहेर पोहा. मध्येच पडलात तर उभं राहायची धडपड करू नका, पुढची लाट पुन्हा पाडते. पडल्या जागी पोटावर व्हा, तोंडात रेग्युलेटर आहेच, पोहत पुढे जा. परतताना हेच उलट: कमरेएवढ्या पाण्यात फिन्स काढा, पण रेग्युलेटर काठावर पाय घट्ट रोवेपर्यंत तोंडातून काढू नका. माणसं दमलेली असतात, डाइव्ह संपली असं मनाशी म्हणून मास्क कपाळावर चढवतात आणि नेमकी तेव्हा लाट येते.

टँक मात्र तुम्हाला वाहायचा नाही. हे काम गावातल्या बायका करतात आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. कापडाची घडी करून डोक्यावर ठेवायची, आपल्याकडच्या चुंबळीसारखीच, त्यावर १६-१७ किलोंचा भरलेला टँक आडवा, बरेचदा बीसीडी लावलेला, आणि पायात साधी चप्पल घालून त्या दगडांवरून सरळ चालत जायचं. काही जणी एका वेळी दोन टँक नेतात. जिथे आपण दोन्ही हात पसरून तोल सावरत असतो तिथे त्यांचा हातही टँकला लागत नाही. ही व्यवस्था गावाने ठरवलेली आहे आणि गावात पैसा राहण्याचा तो एक मार्ग आहे. नोंदणी करताना त्यांची मजुरी दरात धरली आहे ना हे विचारा. 'मी स्वतःच उचलतो' असा आग्रह धरू नका, त्यात कोणाचंच भलं नाही.

जहाजावर कसं फिरावं? ते किनाऱ्याला समांतर आहे. तळाची बाजू काठाकडे, डेकची बाजू समुद्राकडे. चांगला गाइड आधी समुद्राकडच्या बाजूने खोल घेऊन जातो, मग हळूहळू वर येत मधल्या फटींतून काठाकडे आणतो आणि शेवटची दहा मिनिटं वरच्या कडेवर, उथळ पाण्यात घालवतो. तिथे ऊन खेळत असतं, मासे सर्वांत जास्त असतात आणि वर येण्याआधी थांबायचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप जहाज बघता बघताच होतो. बहुतेक बोटडाइव्हमध्ये हा स्टॉप दोरीला धरून निळ्या पोकळीत लटकण्यात जातो. इथे तो डाइव्हचा सगळ्यात सुंदर भाग आहे.

हवेचा हिशेब मात्र स्वतः करा. भाड्याचा टँक बहुतेक ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा असतो. २०० बार दाबाला भरलेला म्हणजे २,२०० लिटर हवा. नवा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर धरला, तर २२ मीटरवर दाब ३.२ पट म्हणून ६४ लिटर लागते. दहा मिनिटं तिथे: ६४० लिटर. मग १५ मीटरवर बारा मिनिटं: ६००. मग ८ मीटरवर बारा मिनिटं: सुमारे ४३०. बेरीज १,६७० लिटर, आणि टँकमध्ये उरले ५० बारच्या खाली थोडे. म्हणजे या माणसाने २२ मीटरवर दहा मिनिटांच्या वर रमायचं नाही, आणि काटा १३० बारवर आला की वरच्या दिशेला सरकायला लागायचं. ओपन वॉटर कार्डवाल्यांची मर्यादा १८ मीटर आहे. ती पाळूनही जहाजाचा मोठा भाग दिसतो, खंत करायचं कारण नाही.

इथली एक खास चूक सांगायला हवी. समुद्रतळ सपाट नाही, तो उतार आहे आणि वाळू काळी आहे. नजरेला खोलीचा अंदाज येत नाही. वाळूतून वर डोकावणारी वामटं (गार्डन ईल) बघत, त्यांच्यामागे आणखी थोडं, आणखी थोडं करत माणूस २० वरून ३२ मीटरवर गेलेला असतो आणि त्याला कळतही नाही. ही वामटं बोटभर जाडीची, शेपटी वाळूत रोवून शेकडोंनी उभी, प्रवाहात डोलणारी. जवळ गेलं की सगळी एकदम बिळात. त्यांच्यामागे जाऊन उपयोग नसतो, ती कायम तुमच्यापुढे दोन मीटरवर गायब होतात. जागच्या जागी थांबा, श्वास हळू करा, मिनिटाभरात पुन्हा वर येतात. आणि हातातल्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोलीचा गजर लावून ठेवा.

नायट्रॉक्सचं, म्हणजे जादा प्राणवायू मिसळलेल्या हवेचं, प्रमाणपत्र असेल तर इथे ते जरूर वापरा. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा प्राणवायूच्या १.४ बार दाबाला ३३ मीटरच्या पुढे येते, म्हणजे जहाजाची पूर्ण खोली त्यात बसते. दिवसाला तीन डाइव्ह करणाऱ्याला त्याने वेळेची चांगली सूट मिळते. ३६ टक्के घेतलंत तर २८ मीटरच्या खाली जाता येणार नाही, आणि वरच्या परिच्छेदातला उतार लक्षात घेता आम्ही इथे ३६ घेणार नाही. टँक कोणत्याही सेंटरचा असो, प्राणवायू मोजणारा विश्लेषक स्वतःच्या हाताने लावून टक्के वाचल्याशिवाय आणि पट्टीवर लिहिल्याशिवाय घेऊ नका.

भाड्याच्या सामानाबद्दल: गावातल्या सेंटरांत दर्जा खूप वरखाली आहे. खाऱ्या पाण्यात रोज बुडणारं रबर दोन-तीन वर्षांत थकतं. पाच मिनिटं काढा आणि आदल्या संध्याकाळी, सकाळच्या घाईत नव्हे, एवढं बघा. रेग्युलेटरच्या नळ्या दोन्ही टोकांना वाकवून बघा, भेगा पडल्या असतील तर तिथेच दिसतात. टँक उघडून दाबमापकाकडे बघत चार खोल श्वास घ्या. श्वासाबरोबर काटा खाली-वर झाला तर टँकची झडप पुरती उघडलेली नाही किंवा आतली गाळणी तुंबली आहे. पाण्याखाली २० मीटरवर हाच रेग्युलेटर हवा देताना अडेल. बीसीडी फुगेपर्यंत भरा आणि दहा मिनिटं ठेवून द्या, मऊ पडली तर गळतेय. भरायचं बटण दाबून सोडा. ते आत अडकून हवा भरतच राहिली तर ती बीसीडी परत करा, कारण हाच बिघाड माणसाला नको असताना वर उडवतो. पर्यायी रेग्युलेटर, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, त्यातूनही दोन श्वास घ्या. तो कधीच कोणी तपासत नाही. टँकमधली हवा हुंगून बघा. तेलाचा किंवा धुराचा वास म्हणजे दुसरा टँक मागा आणि जमलं तर दुसरं सेंटर बघा.

स्वतःचा रेग्युलेटर नेणाऱ्यांसाठी: इथले टँक बहुतेक योक (रेग्युलेटर शिकंज्याने आवळायच्या) पद्धतीच्या तोंडाचे असतात. तुमचा डिन (आट्यांनी फिरवून बसणारा) असेल तर आधी निरोप पाठवून ठेवा. कित्येक टँकच्या तोंडातला आतला तुकडा षट्कोनी चावीने काढला की डिन बसतो. सरतेशेवटी मान मोडते ती दहा पैशांच्या रबरी ओ-रिंगने. टँक उघडताच तोंडाशी फुस्स आवाज आला की बहुतेक वेळा तीच फाटलेली असते. दोन-चार जादा जवळ ठेवा.

वजन जास्त बांधायची सवय जवळपास सगळ्या गाइडना आहे, कारण जड माणूस खाली राहतो आणि सांभाळायला सोपा जातो. पण जड माणूस वाळूत गुडघे घासतो, गाळ उडवतो आणि हवा लवकर संपवतो. ३ मिलिमीटरचा वेटसूट आणि ॲल्युमिनियमचा टँक असेल तर सत्तर किलोंच्या नवख्या माणसाला साधारण ४ ते ६ किलो पुरतात. खात्री करायची रीत: खोल पाण्यात उभे तरंगा, बीसीडी रिकामी करा, साधा श्वास धरून ठेवा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. भरल्या टँकने हे केलं असेल तर त्यात २ किलो वाढवा, कारण संपत आलेला ॲल्युमिनियमचा टँक तेवढा हलका होऊन वर ओढतो आणि त्याचा त्रास नेमका शेवटच्या सेफ्टी स्टॉपला होतो.

पाणी वर्षभर २६ ते २९ अंश. जुलै ते सप्टेंबरमध्ये खालून थंड थर येतात आणि एकदम दोन-तीन अंशांनी उतरतं. दिवसाला तीन डाइव्ह असतील तर त्या महिन्यांत ५ मिलिमीटरचा सूट घ्या. कोकणच्या पाण्याची सवय असलेल्यांना पहिल्या डाइव्हला फरक जाणवत नाही, तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात.

गाइडच्या बाबतीत आमचा आग्रह ठाम आहे. एका गाइडमागे दोन डायव्हर, फार तर तीन. चार-पाच झाले की त्याचं लक्ष ज्याची हवा सगळ्यात आधी संपतेय त्याच्याकडे जातं आणि सगळ्यांची डाइव्ह त्या एकाएवढीच होते. गावातल्या गाइडची नजर विलक्षण असते. जांभळट पंख्याच्या आकाराच्या प्रवाळावर, त्याच्याच गाठींसारख्या गाठी अंगावर घेऊन बसलेला, दोन सेंटिमीटरांहून लहान पिग्मी समुद्रघोडा तो हात न लावता दाखवतो. तुम्ही अर्धा मिनिट त्या जागेकडे बघता तेव्हा कुठे ती गाठ डोळा हलवते. पण काही गाइड लोखंडी काडीने प्राण्याला ढकलून, वळवून दाखवतात. पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगा की असं केलेलं आम्हाला नको. गिऱ्हाइकाने सांगितलं की ऐकतात. पिग्मीवर फ्लॅश पाच-सहा वेळांच्या वर मारू नका. त्याला पापण्याच नसतात.

तुम्हीही कशाला हात लावू नका, आणि हे केवळ निसर्गासाठी नाही. पत्रा गंजून धारदार झालेला आहे, त्यावर झोंबणारी हायड्रॉइड वाढतात, आणि स्कॉर्पियनफिश दगडासारखा दिसत त्याच पत्र्यावर बसलेला असतो. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तासभर ते दीड तास बुडवून ठेवतात आणि डॉक्टरकडे नेतात. गरम पाणी आणि प्राणवायूचा सिलिंडर सेंटरवर तयार आहे का, हा प्रश्न दराआधी विचारायचा आहे.

कोकणातून येणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. 'मालवणला स्कूबा केलंय' हे इथे चालत नाही. तिथल्या अनुभव-डाइव्हमध्ये प्रशिक्षक मागून टँक धरून तुम्हाला फिरवतो. तरंगण्यावर ताबा, कान मोकळे करणं, मास्कमधलं पाणी काढणं हे तुम्ही शिकलेले नसता. इथे कार्ड मागतात आणि मागावंच. कार्ड नसेल तर दोन रस्ते. तुलांबेनलाच ओपन वॉटरचा कोर्स करा, तीन-चार दिवस लागतात, थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून जा. नाहीतर तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत किंवा गोव्यात कोर्स करून मग या. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळच्या 'सुझीज रेक'वर जहाजाची तोंडओळखही होते, पण तिथे पाणी गढूळ असतं, पाच मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. त्या पाण्यात शिकलेला माणूस तुलांबेनला आला की त्याला आकाश उघडल्यासारखं वाटतं, आणि दिशा राखायची त्याची सवयही पक्की असते. दमा, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल तर वैद्यकीय अर्जावर डॉक्टरची सही लागते. ती घरच्या डॉक्टरकडूनच घेऊन निघा. अर्जावर सगळीकडे 'नाही' लिहून टाकू नका.

कार्डाशिवाय थेट लिबर्टीवर नेणारी अनुभव-डाइव्हही इथे विकली जाते. १२ मीटरची मर्यादा पाळून ती करता येते, कारण जहाजाची वरची कड तेवढ्यात आहे. पण आधी तलावात किंवा कमरेएवढ्या शांत पाण्यात तासभर सराव करून घेणारं सेंटर निवडा. थेट लाटांत उतरवणारं नको. उताराचा एक फायदा मात्र सगळ्या नवख्यांना मिळतो: बोटीवरून पोकळीत पडण्यापेक्षा इथे पावलापावलाने खोल जाता येतं, कान दुखला तर अर्धा मीटर वर सरकून पुन्हा दाब सारखा करता येतो.

दुसरी जागा कोणती करावी, असं सगळे विचारतात. आमचं मत, पहिल्या दिवशी दुसरी जागा नकोच. सकाळी लिबर्टी, दुपारी गर्दी असताना शेजारचं उथळ कोरल गार्डन आणि अंधार पडल्यावर पुन्हा लिबर्टी. एकच जहाज सकाळी आणि रात्री बघितल्यावर त्याचा नकाशा डोक्यात बसतो आणि मग घाई उरत नाही. रात्री प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, मुख्य आणि राखीव. दुसऱ्या दिवशी ड्रॉप-ऑफ, म्हणजे लाव्हाची समुद्रात उतरलेली सोंड. ती सरळ भिंत आहे आणि साठ मीटरच्याही खाली जाते, तेव्हा तरंगण्यावर ताबा नसलेल्यांनी तिथे जाऊ नये. कुबू गावासमोर मुद्दाम बुडवलेलं 'बोगा' जहाज १८ मीटरच्या खाली सुरू होतं, ओपन वॉटरपुढचं ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र असलेल्यांसाठीच.

हंगामाचं म्हणाल तर एप्रिल ते नोव्हेंबर चांगला, त्यातही सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतचं पाणी सगळ्यात स्वच्छ. डिसेंबर ते फेब्रुवारी पावसाने ओढ्यांचा गाळ येतो आणि लाटा वाढतात. काही दिवशी काठावरून उतरणंच बंद ठेवावं लागतं. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख बघावी. हे तिथलं शक संवत्सराचं नववर्ष, आपल्या पाडव्याचं भावंडच. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच होते, २०२५ मध्ये एका दिवसाच्या अंतराने. पण अधिकमासाचा मेळ वेगळा असल्याने २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला आला, म्हणून कॅलेंडरवरून अंदाज बांधू नका. त्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास बाली पूर्ण बंद असतं. रस्ते, समुद्र, विमानतळ, सगळं. निघण्यापूर्वी आगुंगची स्थितीही बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये राखेमुळे विमानतळ बंद पडला होता आणि तुलांबेन डोंगराच्या अगदी कुशीत आहे.

विमा काढताना स्कूबा आणि खोलीची मर्यादा पॉलिसीत लिहून आहे का ते वाचा. साध्या प्रवासविम्यात बरेचदा ते वगळलेलं असतं. डाइव्हमुळे होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करणारा दाबकक्ष देनपासारला आहे, म्हणजे तुलांबेनहून गाडीने तीन तासांवर, आणि त्याचं बिल लहान नसतं.

परतीचा कार्यक्रम आखताना विमान आणि डोंगर दोन्ही धरा. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक दिवस किंवा दिवसाला अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८. हे बहुतेकांना ठाऊक असतं. डोंगराचं नसतं. आपल्या लोकांच्या बाली सहलीत किंतामणी हमखास असतं आणि ज्वालामुखीच्या कडेवरचा तो रस्ता सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. दुपारी दोनला डाइव्ह संपवून चारला तिथे कॉफी प्यायला जाणं म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत दाब कमी करणं, त्याने अंगात बुडबुडे होण्याचा धोका असतो. चालक हौसेने 'जवळचा, देखणा रस्ता' म्हणून तिकडून न्यायला बघतो. किंतामणी आणि डोंगरावरची देवळं डाइव्हच्या आधीच्या दिवसांत उरकून घ्या, आणि तुलांबेनहून दक्षिणेला परतताना गाडी अमलापुरामार्गे घ्यायला सांगा. तो रस्ता थोडाच चढतो.